इस्त्री उलटी, परीक्षा आजीची!

“डॉक्टर, आजीला साधी इस्त्रीसुद्धा ओळखता आली नाही,” नातू काळजीने सांगत होता. मोबाइलवर फोटो दाखवून त्याने घरीच आजीची स्मरणशक्ती तपासली होती. मी मोबाइल पाहिला, तर इस्त्रीचा फोटो चक्क उलटा! तो सरळ करून आजींना दाखवला. “अगं बाई, इस्त्री की ही!” त्या लगेच म्हणाल्या.

असल्या घरगुती परीक्षा घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्हीही असे फोटो ओळखताना अडखळाल. पियेर जोलिकर या मानसशास्त्रज्ञाने 1985 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत निरोगी माणसांना नेहमीच्या वस्तूंची चित्रं फिरवून दाखवली होती. चित्र जितकं कललेलं, तितका नाव सांगायला जास्त वेळ लागत होता. इस्त्री, कपबशी, खुर्ची या वस्तू आपण आयुष्यभर सरळच पाहतो, त्यामुळे मेंदूला त्यांची तीच बाजू ओळखीची असते. किल्ली किंवा पेन मात्र कसंही पडलेलं दिसतं, म्हणून तिथे फारसं अडत नाही.

गंमत पुढेच आहे. तीच चित्रं पुन्हा पुन्हा दाखवल्यावर तो उशीर बराच कमी झाला. पण नवी चित्रं आणली की पहिले पाढे पंचावन्न! सराव झाला तो फक्त त्या वस्तूंचा. म्हणून आजीला चित्रं ओळखण्याचे खेळ जरूर खेळू द्या, पण त्याने एकूण ओळखण्याची शक्ती वाढेल अशी आशा धरू नका. त्यापेक्षा औषधं, चष्मा, किल्ल्या रोज एकाच जागी, एकाच पद्धतीने ठेवा. गोळ्यांची कंपनी बदलली तर नवी स्ट्रिप त्यांना नीट दाखवा. ती त्यांच्यासाठी अगदी नवी वस्तू असते.

मग काळजी कधी करायची? चष्मा लावलेला, उजेड भरपूर, वस्तू सरळ समोर आणि तरीही कंगवा ओळखता येत नाही. हातात दिला की मात्र लगेच नाव सांगता येतं. असं वारंवार होत असेल तर आधी डोळे तपासून घ्या आणि मेंदूविकारतज्ज्ञांनाही दाखवा. हे अचानक सुरू झालं असेल तर तो पक्षाघात असू शकतो. अशा वेळी उद्याची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठा.