पाण्याचा मुक्काम

रांजणातलं पाणी रोज बदलावं, नाहीतर ते शिळं होतं, हे आपल्या घरात आजीपासून नातीपर्यंत सर्वांना ठाऊक आहे. पण जमिनीखालचं पाणी कोण बदलतं? बुऱ्हाणपूरच्या लालबागेतला कुंडी भंडारा पाहताना मला हा प्रश्न पडला.

१६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानांच्या काळात, इराणी जाणकार तबकुतुल अर्ज यांनी सातपुड्यातून तापीकडे झिरपणारं पाणी भुयारात घेतलं. वर शंभराच्या आसपास कुंड्या, खाली नुसता उतार; पंप नाही. आपल्या बिदरच्या नौबादची सुरंग बावी याच जातकुळीची.

हिशेब सोपा आहे. हौदात १०० लिटर पाणी, तासाला १० लिटर आवक आणि तेवढीच जावक. म्हणजे पाण्याचा सरासरी मुक्काम १० तास. हीच तापी सुरतेच्या पुढं समुद्राला मिळते, तिथं मात्र भरती गेलेलं पाणी परत आणते. मग साधा भागाकार पुरत नाही. अभ्यासकांना खाडीची प्रतिकृती संगणकावर मांडावी लागते. लालबागेत भरती नाही, पण आवक घटली की मुक्काम वाढणारच.

वरच्या अंगाला बोअर वाढले की भुयाराचा वाटा कमी होतो. भिंतींवर चुन्याचे थर चढून वाटही अरुंद होते. २०२४ मध्ये हा भंडारा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेला, याचा आनंदच आहे. पण यादीनं झरे वाहत नाहीत. पाणी म्हणा की नीरु, जेवढं मुरवू तेवढंच पुढच्यांना मिळेल.