बायॉलॉजी सुटली, असं वाटलं होतं

इलेक्टिव्हची यादी नोटीसबोर्डवर लागली की त्या रात्री होस्टेलमध्ये दुसरा विषय नसतो. कोणता पेपर स्कोअरिंग आहे, कशाचे जुने पेपर सोडवलेले मिळतात आणि कोणते सर इंटर्नलला सढळ हाताने मार्क देतात, या तीन कसोट्यांवर निकाल लागतो. टी.ई.ला असताना मीही याच कसोट्या लावून फॉर्म भरला. यादीत बायोमेडिकल इन्स्ट्रुमेंटेशन होतं. "पुन्हा ती हाडं-मांस कशाला?" असं म्हणत आमच्या रूममधल्या चौघांनीही त्यावर फुली मारली.

आपल्यातल्या बहुतेकांची गोष्ट सारखीच असते. अकरावीत बायफोकलला इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स घेतलं, २०० मार्कांची सोय झाली आणि बेडकाला रामराम ठोकला. बायॉलॉजी आयुष्यातून कायमची सुटली, असंच मला वाटलं होतं.

फायनल इयरला प्रोजेक्ट निवडायची वेळ आली, तेव्हा मात्र माझ्या डोक्यात ईसीजीचं मशीन होतं. आजोबांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा नुसता ईसीजी काढायला त्यांना जीपने तालुक्याला न्यावं लागलं होतं. म्हटलं, बॅटरीवर चालणारं, स्वस्तातलं काहीतरी करू. त्वचेवर मिळणारा हृदयाचा सिग्नल असतो जेमतेम एक मिलिव्होल्टचा आणि त्यावर ५० हर्ट्झची मेन्सची गुणगुण. इन्स्ट्रुमेंटेशन अॅम्प्लिफायर झाला, नॉच फिल्टर झाला. माणूस श्वास घ्यायला लागला की रेघ वरखाली डोलायची, म्हणून हाय-पास फिल्टरची कटऑफ थेट १ हर्ट्झवर नेऊन ठेवली. रेघ कशी सरळ झाली! आम्ही जाम खूश. मेसमध्ये पार्टनरला गुलाबजाम माझ्याकडून.

दिवाळीच्या सुट्टीत माझ्याच ईसीजीचा प्रिंट गावातल्या डॉक्टरकाकांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "एसटी अशी खाली का दिसतेय रे? तुझी तब्येत बरी आहे ना?" मला एसटी म्हणजे महामंडळाची लाल गाडी, एवढंच माहीत!

मग त्यांनी समजावून सांगितलं. ईसीजीत मोठं टोक येऊन गेल्यावर पुढच्या छोट्या लाटेपर्यंतचा जो सपाट भाग असतो, तो एसटी सेगमेंट. हार्ट अॅटॅक ओळखताना डॉक्टर तो वर उचललाय की खाली गेलाय, हे पाहतात. हा भाग संथ, म्हणजे अगदी कमी फ्रिक्वेन्सीचा. म्हणूनच निदानासाठी काढायच्या ईसीजीत ०.०५ हर्ट्झपासूनचा सिग्नल राखतात. आमच्या फिल्टरने नेमका तोच भाग वाकवला होता. धडधाकट मुलगा आजारी दिसत होता. उद्या याच मशीनवर एखाद्या आजोबांची खरी खूण झाकली गेली असती तर? त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

फिल्टरचं गणित आम्हाला येत होतं. सिग्नल्स अँड सिस्टिम्समध्ये मला चांगले मार्कही आहेत. पण काय गाळायचं नाही, हे त्या गणितात लिहिलेलं नसतं. ते शरीराकडून शिकावं लागतं, आणि शिकायची संधी आली तेव्हा मी फुली मारली होती.

इंजिनियरच्या अशा चुका प्रोजेक्टपुरत्याच राहतात असं नाही. थेरॅक-२५ या रेडिएशनच्या मशीनमुळे १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडातल्या सहा पेशंटना प्रमाणाबाहेर मारा बसला, त्यातले काही दगावले. आधीच्या मॉडेलमधली हार्डवेअरची इंटरलॉक काढून भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली होती आणि त्या सॉफ्टवेअरमध्ये चुका होत्या. उलट बाजूही आहे. सीटी स्कॅनर घडवणारे गॉडफ्रे हाऊन्सफील्ड इंजिनियर होते आणि त्यांना १९७९ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

आता ज्यांना या वाटेने जायचंय त्यांच्यासाठी चार गोष्टी, कारण होस्टेलमध्ये याबद्दल अफवाच जास्त.

काहींना थेट डॉक्टरच व्हायचं असतं. त्यांच्यासाठी दार बंद नाही. बारावीला बायॉलॉजी नसलेल्यांनी नंतर मान्यताप्राप्त बोर्डाकडून हा विषय जादा म्हणून पास केला तर त्यांना 'नीट' देता येईल, असा निर्णय राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला. वयाची वरची अटही २०२२ मध्ये काढली गेली. पण ७२० पैकी ३६० मार्क बायॉलॉजीचे आहेत आणि पुढे साडेचार वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप आहे. आपल्या बी.ई.चं एकही क्रेडिट तिथे चालत नाही. केवळ एम-थ्रीची केटी लागली म्हणून कुणी या वाटेला जाऊ नये, असं माझं मत आहे.

"अमेरिकेत पदवीनंतर डॉक्टर होतात," हेही खरं. तिथे पदवी कुठल्याही शाखेची चालते, पण त्या चार वर्षांत लॅबसकट बायॉलॉजी, केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स यांची ठरावीक पुंजी गाठीला लागते, आणि एमकॅट परीक्षा वेगळीच. म्हणून तिथली मुलं पहिल्या वर्षापासून विषय आखतात. परदेशी विद्यार्थ्यांना जागा फार थोड्या असतात, तेव्हा त्या भरवशावर राहू नका. त्यांची आखणीची सवय मात्र उचलण्यासारखी आहे.

आपल्यासाठी खरी रुंद वाट बायोमेडिकलची. २०२० पासून गेटमध्ये या विषयाचा स्वतंत्र पेपर आहे. त्यात सर्किट्स, सिग्नल्स, मेझरमेंट हे आपलेच विषय आहेत आणि जोडीला शरीररचना, बायोमेकॅनिक्स, बायोमटेरियल्स. म्हणजे निम्मी तयारी एस.ई.लाच होते, फक्त ते विषय रट्टा मारून टाकून देऊ नका. मेकॅनिकलवाल्यांना गुडघ्याचा सांधा आहे, कॉम्प्युटरवाल्यांना एमआरआयच्या इमेजेस आहेत. डायलिसिस म्हणजे तर केमिकलवाल्यांचं मास ट्रान्स्फरच. उरलेली बायॉलॉजी ओपन इलेक्टिव्ह किंवा एनपीटीईएलच्या कोर्समधून भरून काढता येते. लायब्ररीत खांडपूर यांचं बायोमेडिकल इन्स्ट्रुमेंटेशनचं पुस्तक आहे. मी ते इश्यू केलं तेव्हा मागच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नव्हता.

शेवटी सर-मॅडमना एक विनंती. पुरेशी मुलं आली नाहीत की इलेक्टिव्ह रद्द होतं आणि यादीतला विषय यादीतच राहतो. पण मुलं येणार कशी? त्या विषयात काय आहे हे फॉर्म भरण्याआधी कोणी सांगतच नाही. यादी लागण्यापूर्वी प्रत्येक विषयावर अर्ध्या तासाचं एक लेक्चर ठेवा. एखाद्या डॉक्टरांना बोलवा, एकदा सिव्हिल हॉस्पिटलचा आयसीयू बाहेरून का होईना दाखवा. दहा मुलं जरी आली तरी तो वर्ग चालवा.

आणि मित्रांनो, ज्युनियर्सनो, आमची कटऑफ आता खाली आणली आहे. रेघ पुन्हा थोडी डोलते, पण एसटी जागेवर आहे. तुमचा फॉर्म पुढच्या महिन्यात येईल. फुली मारण्याआधी सिलॅबसचं ते एक पान तरी वाचा.