अम्मीचा चहा आणि प्रोटीनचा डबा

मागच्या रमजानमध्ये अम्मी सहेरीला काय खाते, हे मी पहिल्यांदा नीट पाहिलं. दोन खाऱ्या आणि कपभर चहा. इफ्तारला खजूर, थोडी भजी आणि पुन्हा चहा. ईदनंतर तिला मुसल्यावरून उठताना भिंतीचा आधार लागू लागला. डॉक्टर म्हणाले, खाण्यात प्रोटीन नाही, वाढवा.

मी शहाणपणा करून दोन हजारांचा डबा आणला. पावडर उकळत्या चहात टाकली आणि गुठळ्या झाल्या. अम्मीनं कप बाजूला सरकवला. "बेटा, चहाला चहा राहू दे."

सध्या कॉफीत प्रोटीन घालण्याची फॅशन आहे. विकणाऱ्यांना विकू द्या, पण डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. कॉफीत घालायचं कोलेजन जनावराच्या कातडी-हाडांपासून किंवा माशांपासून काढतात. ते डुकराचंही असू शकतं. आणि खरं सांगायचं तर आपल्याला या डब्याची गरजच नाही. किराणा दुकानात मिळणाऱ्या साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत शंभर ग्रॅममागे सुमारे 35 ग्रॅम प्रोटीन असतं आणि ती उकळली तरी व्हेसारखी गोळा होत नाही.

आता आमच्याकडे चहा असा होतो. अर्धा कप पाण्यात आलं, वेलची, दालचिनी आणि दोन मिरे चांगले उकळायचे. आलं पाण्यातच उकळावं. कच्चं आलं दुधात पडलं तर दूध फाटतं. मग चहापत्ती. दीडशे मिली कोमट दुधात दोन मोठे चमचे पावडर घोटून ते ओतायचं आणि मंद आचेवर ढवळत राहायचं, नाहीतर तळाला लागतं. एका कपात दहा ग्रॅमच्या आसपास प्रोटीन जातं. मी स्वतःसाठी चहापत्तीऐवजी कॉफी आणि सुंठ घालतो. साखर कमी लागते, कारण पावडरीतही दुधाची साखर असते. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आयसीएमआरच्या हिशेबानं दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रोटीन हवं. अम्मीचं वजन 55 किलो, म्हणजे साधारण 45 ग्रॅम. दोन कपांत वीस झाले. बाकीचे पंचवीस ताटातूनच यायला हवेत, आणि खरी अडचण तिथेच आहे. जेवणाला लागून चहा घेऊ नये, त्यानं अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही, हेही आयसीएमआर सांगतं. आमच्याकडे मात्र दस्तरखान उचलायच्या आधीच चहा येतो.

घरात मटण शिजतं, पण बोट्या कोणाच्या ताटात जातात? आधी पुरुष, मग मुलं, शेवटी बायका. अम्मीनं पन्नास वर्षं रस्सा आणि चपाती खाल्ली आणि "मला बोटी आवडत नाही" असं सांगत राहिली. आम्ही ते खरं मानलं, कारण ते आमच्या सोयीचं होतं. मग तिच्या गुडघ्यांसाठी डबा आणताना मला कौतुक वाटत होतं स्वतःचं.

गेल्या जुम्म्याला मी तिला सगळ्यांच्या आधी वाढलं. चार बोट्या. तिनं दोन गुपचूप नातवाच्या ताटात सरकवल्या. मी पाहिलं, नातवानंही पाहिलं. त्यानं एक परत ठेवली.