४९ टक्क्यांची ली झिची



गावातली पोरं हल्ली विचारतात, "भाऊ, शेतीचा चॅनेल काढू का? लई पैसा हाय म्हणं त्यात." पैसा आहे, खोटं कशाला बोला. पण तो कुणाच्या खिशात जातो हे बघायचं असेल, तर चीनमधल्या ली झिचीची गोष्ट समजून घ्या. शेतीवर व्हिडिओ करून तिच्याइतकं जगभर पोचलेलं माणूस शोधून सापडणं अवघड.

बाई १९९० सालची. सिचुआन प्रांतात म्यानयांगजवळच्या खेड्यातली. बाप लहानपणीच गेला, आजी-आजोबांनी वाढवली. पुढं आजोबाही गेले. चौदा-पंधरा वर्षांची पोर शहरात गेली. हॉटेलात ताटं उचलली, बारमध्ये गाणी लावायचं काम केलं. २०१२ मध्ये आजी आजारी पडली म्हणून परत गावाला आली. पोटापाण्यासाठी ऑनलाइन दुकान टाकलं, ते काही फार चालेना, म्हणून २०१५-१६ च्या सुमारास व्हिडिओ करायला लागली.

आता व्हिडिओ कसले, तर सोयाबीनचा घ्या. आपण सोयाबीन काढलं की पोती भरून मार्केटला. ही बाई सोयाबीन पेरते, काढते, झोडते, शिजवते, बुरशी धरवून आंबवते आणि त्याचा सोया सॉस गाळते. पेरणीपासून ताटापर्यंत सगळं एकाच व्हिडिओत. बडबड जवळपास नाही. त्यामुळं भाषा न कळणारा माणूसही शेवटपर्यंत बघतो. फेब्रुवारी २०२१ ला चिनी भाषेतल्या यूट्यूब चॅनेलमध्ये सर्वात जास्त सबस्क्रायबर म्हणून गिनीजमध्ये नोंद झाली, १ कोटी ४१ लाख. गंमत म्हणजे मुख्य चीनमध्ये यूट्यूब बंद आहे, तिथली माणसं तिला वेइबो आणि डोयीनवर बघतात.

कृषीवाले मित्र म्हणतील, हिच्या शेतात अळी नाही, करपा नाही, भाव पडत नाही, सोसायटीचा हप्ता नाही. बरोबर आहे. ती शेतीची हौस दाखवते, शेतीचा हिशोब नाही. तिच्या पिकाचं एकरी उत्पादन किती, हे कुणी विचारत नाही, कारण तिला ते विकायचंच नव्हतं. पण म्हणून कष्ट खोटे ठरत नाहीत. एकेका व्हिडिओसाठी पूर्ण हंगाम थांबायचं म्हणजे खायचं काम नाही.

आता पैशाकडं येऊ. नेटवर तिच्या संपत्तीचे आकडे फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. ते लिहिणाऱ्यानं तिचं पासबुक काही बघितलेलं नाही. आपण व्यवहार कसा झाला ते बघू.

२०१६ मध्ये हांगझोऊ शहरातल्या वेईन्यान नावाच्या कंपनीशी तिनं करार केला. २०१७ मध्ये दोघांनी मिळून तिच्या नावाची कंपनी काढली. त्यात वेईन्यान ५१ टक्के, ली झिची ४९ टक्के. ऐकायला निम्मं-निम्मं वाटतं, पण मतदानाच्या वेळी ४९ म्हणजे हात वर करून खाली घ्यायचा.

२०१८ मध्ये तिच्या नावाचं ऑनलाइन दुकान सुरू झालं. त्यातला सर्वात गाजलेला माल म्हणजे पाकिटबंद लुओसिफन, गोगलगायीच्या रश्श्यातल्या तांदळाच्या शेवया. हा पदार्थ तिच्या गावचा नव्हे. तो दूर दक्षिणेला ग्वांग्शी प्रांतातल्या ल्यूझोऊ शहराचा. माल कारखान्यातला. तिच्या वावरातला एक दाणाही त्यात असायची गरज नव्हती. लोकांनी पाकीट उचललं ते त्यावरचं नाव बघून. म्हणजे विकलं जात होतं ते तिचं नाव, आणि दुकान चालवत होती दुसरी कंपनी. "ली झिची" या नावाचे ट्रेडमार्कसुद्धा वेईन्याननं स्वतःकडं नोंदवून घेतले होते. स्वतःच्या नावाचं लोणचं विकायचं तर दुसऱ्याला विचारायचं, अशी गत.

जुलै २०२१ ला तिनं व्हिडिओ थांबवले. ऑक्टोबरमध्ये कोर्टात गेली. २७ डिसेंबर २०२२ ला म्यानयांगच्या कोर्टात तडजोड झाली, आणि त्या कंपनीतले ९९ टक्के शेअर तिच्याकडं आले, वेईन्यानकडं १ टक्का राहिला. परत व्हिडिओ आला तो नोव्हेंबर २०२४ मध्ये. झाडाच्या चिकापासून केलेल्या लॅकरचं काम करून आजीचं कपाट सजवलं होतं तिनं. मधली तीन वर्षं चार महिने चॅनेल बंद. भर हंगामात पाणी तुटल्यासारखं. तिच्यामागं कोट्यवधी लोक थांबले, म्हणून ती उभी राहिली. दोन-पाच लाख सबस्क्रायबरवाला कुणी असता, तर लोक कधीच विसरले असते.

कंपनीची बाजूही आहे, ती नाकारून चालत नाही. दुकान, गोदाम, कारखान्याशी बोलणी, जाहिरात, हे सगळं वेईन्याननं उभं केलं. एकटी बाई वावरात शूटिंग करून हे करू शकली नसती. भांडवल लावणाऱ्यानं वाटा मागितला तर त्यात पाप नाही. माझा आक्षेप ५१ ला आहे, आणि त्याहून जास्त नाव दुसऱ्याच्या कागदावर जाण्याला आहे.

हे आपल्याला ओळखीचं वाटत नाही का? हळद आपली, पाकिटावरचं नाव पॅकिंगवाल्याचं. गूळ आपला, डब्यावर शिक्का व्यापाऱ्याचा. आता त्यात चॅनेलवाल्या पोरांची भर पडली आहे. एजन्सीवाले येतात, कॅमेरा देतो म्हणतात, इंग्रजीतल्या पंधरा पानांवर सह्या घेतात. त्यात चॅनेलचं नाव आणि लॉगिन कुणाच्या मालकीचं राहणार, करार मोडला तर जुने व्हिडिओ कुणाचे, एवढ्या दोन गोष्टी तरी तालुक्याच्या वकिलाकडून वाचून घ्या.

शेतकरी उत्पादक कंपनीत एक बरं आहे. वैयक्तिक सभासदांच्या कंपनीत शेअर कितीही असोत, मत एकच. तिथं ५१-४९ चा खेळ चालत नाही. पण ब्रँडचं नाव संचालकाच्या भाच्याच्या नावावर नोंदवलं असेल, तर त्या एका मताला काय चाटायचंय? ट्रेडमार्कचा अर्ज ऑनलाइन होतो. एकट्या शेतकऱ्याला किंवा लघुउद्योग म्हणून नोंद असलेल्या संस्थेला एका वर्गासाठी सरकारी फी ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. ताजा शेतमाल वर्ग ३१ मध्ये, तांदूळ, पीठ, मसाले वर्ग ३० मध्ये येतात. नोंदणी दहा वर्षं चालते, पुढं नूतनीकरण. ज्यांच्या गटाचं पाकीट आधीच बाजारात आहे, त्यांनी या आठवड्यात ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर आपलं नाव टाकून बघा, ते कुणाच्या नावावर दिसतंय.