शेजारच्या घरावरून आपलं घर मोजलं तर?

जनगणनेवर आपल्याकडे बरीच चर्चा चालू आहे, म्हणून अमेरिकेतली एक गोष्ट सांगतो. सदतीस वर्षं बँकेत आकडे जुळवले, त्यामुळे असल्या गोष्टी माझ्या लक्षात राहतात.

तिकडे २००० सालच्या जनगणनेत काही घरांची माहिती मिळालीच नाही. फॉर्म परत आला नाही, माणूस दारात जाऊन आला तरी आत किती जण राहतात ते कळेना. मग जनगणना खात्याने जवळच्याच, तशाच प्रकारच्या घराचा आकडा त्या घराला लावला. शेजारी चौघं, तर इथंही चार. अशी सुमारे १२ लाख माणसं मोजणीत आली, एकूण लोकसंख्येच्या जेमतेम ०.४ टक्के. पण तेवढ्यानं संसदेतली एक जागा युटाला न मिळता नॉर्थ कॅरोलिनाला गेली. युटा सुप्रीम कोर्टात गेलं आणि २००२ मध्ये हरलं.

माझ्या मते निकाल बरोबरच होता. माहिती नाही म्हणून शून्य लिहिणं हाही अंदाजच, आणि जास्त चुकीचा.

पण ही रीत मातृभाषेला लावून चालणार नाही. आमच्या बडोद्यात एकाच जिन्यावर मराठी, गुजराती, सिंधी बिऱ्हाडं असतात. माणसं शेजाऱ्याएवढी असतील, भाषा तीच कशी असेल? आणि आपण इथं थोडे. शेजाऱ्यावरून बांधलेला अंदाज नेहमी जास्त संख्येच्या बाजूलाच झुकणार.

बँकेत ताळा जुळला नाही की फरक सस्पेन्स खात्यात टाकायचो, शेजारच्या खातेदाराच्या नावावर नाही. तो वेगळा दिसायचा, म्हणून पुढे सापडायचा. अंदाजानं भरलेला आकडाही असाच वेगळा दाखवला पाहिजे.

आपल्यापुरतं म्हणाल तर भाषेचा रकाना दुसऱ्या कुणावर सोडू नका. "लिहा काहीही" म्हणू नका. आपल्याकडे मातृभाषा म्हणजे लहानपणी आई आपल्याशी जी बोलली ती. बाजारात बोलतो ती नव्हे. सून गुजराती असेल तर नातवाची मातृभाषा गुजराती लागेल, ते खरंच आहे, त्यात वाईट वाटायचं कारण नाही. २०११ च्या फॉर्ममध्ये येणाऱ्या इतर दोन भाषांचीही जागा होती. तशी जागा असेल तिथं नातवाचं मराठी आठवणीनं सांगा.

इंदूर, बेळगाव, हैदराबादच्या मंडळींचं काय म्हणणं? जरूर लिहा.