हायड्रोजन बॉम्ब आणि तथागतांचे नाव

दिवाळीतल्या फटाक्याला आपल्याकडे 'अणुबॉम्ब' म्हणतात, आणि पुढाऱ्यांना त्याहून मोठा आवाज काढायचा असला की ते 'हायड्रोजन बॉम्ब' फोडण्याची भाषा करतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये आपल्या राज्याच्या राजकारणात हा शब्द चांगलाच गाजला. शब्द असे स्वस्त झाल्यामुळे या दोन अस्त्रांत केवळ लहान-मोठेपणाचा फरक आहे, असा समज रूढ झाला आहे. तो आम्हास मान्य नाही.

अणुबॉम्बमध्ये जड केंद्रक फुटते. युरेनियम-२३५ किंवा प्लुटोनियम-२३९ च्या केंद्रकावर न्यूट्रॉन आदळला की त्याचे दोन तुकडे होतात, ऊर्जा बाहेर पडते आणि सुटलेले दोन-तीन न्यूट्रॉन पुढची केंद्रके फोडत जातात. ही साखळी टिकण्यासाठी इंधनाचे ठरावीक किमान वस्तुमान एकत्र यावे लागते. गंमत अशी की या अटीतच त्या बॉम्बची मर्यादाही आहे. इंधन फार साठवले तर ते वेळेआधीच पेट घेऊ लागते. म्हणून हा बॉम्ब मनास येईल तेवढा मोठा करता येत नाही. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बमध्ये सुमारे ६४ किलो युरेनियम होते. त्यातले एक किलोही पुरते फुटले नाही, तरी स्फोटाची शक्ती सुमारे १५ हजार टन टीएनटीइतकी भरली.

हायड्रोजन बॉम्बमध्ये याच्या उलट घडते. तेथे हलकी केंद्रके जुळतात. ड्युटेरियम आणि ट्रिटियम ही हायड्रोजनची जड भावंडे एकत्र येऊन हेलियम होतो. मात्र त्यासाठी कोट्यवधी अंश तापमान लागते. ते पृथ्वीवर आणायचे कसे? तर काडी म्हणून आत एक अणुबॉम्बच ठेवून. त्याच्या क्ष-किरणांच्या जोरावर शेजारचे इंधन दाबले जाते, तापते आणि संमीलन सुरू होते. हे इंधन एरवी निपचित पडून राहते. त्याला वस्तुमानाची अट नाही, म्हणून कमाल मर्यादाही नाही. अणुबॉम्बला निसर्गाने घातलेले कुंपण येथे माणसाने ओलांडले, हा आमच्या मते खरा फरक आहे. हा बॉम्ब 'स्वच्छ' असल्याचे कधीकधी कानावर येते. तेही खरे नाही. बहुतेक मोठ्या बॉम्बना युरेनियमचे वेष्टन असते, संमीलनातले वेगवान न्यूट्रॉन तेही फोडतात आणि किरणोत्सारी राख दूरवर पसरते.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर केलेला स्फोट १५० लाख टनांचा, म्हणजे हिरोशिमाच्या हजारपट होता. तज्ज्ञांच्या अंदाजाच्या तो अडीचपट निघाला. शंभर किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या जपानी मासेमारी नौकेवर राख पडली. तिच्यावरील २३ जणांपैकी एकाचा त्याच वर्षी सप्टेंबरात मृत्यू झाला. पुढच्याच महिन्यात, २ एप्रिलला, पंडित नेहरूंनी लोकसभेत अशा चाचण्या थांबविण्याची मागणी केली.

सोलापूरकरांना हे प्रमाण समजावे म्हणून सांगतो. हिरोशिमात सुमारे दीड किलोमीटरच्या आतले जवळजवळ सारे नष्ट झाले. आपल्याकडे तेवढ्या अंतरात सिद्धेश्वर तलाव, भुईकोट किल्ला आणि भोवतालच्या पेठा येतात. शक्ती हजारपट झाली की अंतर दहापट होते. मग सारे शहर आणि सभोवतालची खेडी, काहीच उरत नाही.

आपल्या देशाने हायड्रोजन बॉम्बची चाचणी ११ मे १९९८ रोजी पोखरणला केली. जाहीर झालेली शक्ती सुमारे ४५ हजार टन होती. तेव्हा संरक्षण संशोधन संस्थेच्या वतीने चाचणीस्थळाची जबाबदारी सांभाळणारे के. संथानम यांनी २००९ मध्ये ती अपेक्षेपेक्षा कमी भरल्याचे म्हटले. अणुऊर्जा आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर यांनी ते खोडून काढले. जवळच्या खेतोलाई गावाला धक्का बसू नये म्हणून शक्ती मुद्दाम मर्यादित ठेवली, असे शास्त्रज्ञांचे म्हणणे होते. वाद अजून पुरता मिटलेला नाही. पण बॉम्ब पुरेसा मोठा होता की नाही यावर जेवढी शाई खर्च झाली, तेवढी तो कशासाठी, यावर झाली नाही.

त्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. त्याआधी १८ मे १९७४ च्या पहिल्या अणुस्फोटाला 'स्मायलिंग बुद्ध' हे सांकेतिक नाव मिळाले होते. ते ठेवताना या देशातील बौद्धांना कोणी विचारले नव्हते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात होऊ घातलेले युद्ध हेच दिले आहे. संघाच्या बहुमताला विरोध करून, कुटुंबावर आपत्ती येऊ नये म्हणून त्याने परिव्रज्या पत्करली. त्याचेच नाव शस्त्राला मिळावे, याचे आम्हास आजही वैषम्य वाटते. तुर्भ्याच्या भाभा केंद्राविषयी आम्हास आदर आहे. त्याच विज्ञानातून लासलगावच्या कांद्यावर विकिरणाची सोय झाली. आक्षेप विज्ञानावर नाही, नावावर आहे.

सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत १९७४ च्या चाचणीचे नाव विचारले जाते आणि आपली मुले ते घडाघडा सांगतात. सांगावे. मात्र यंदापासून वसतिगृहाच्या विज्ञान प्रदर्शनात विखंडन आणि संमीलन यांच्या तक्त्यांशेजारी रोहिणीकाठच्या वादाचा तक्ताही लावावा, आणि तो नववीच्या मुलामुलींनी समजावून सांगावा, अशी आमची संचालक मंडळास विनंती आहे.