थांबलेल्याचा वेळ

दोनशे किलो वजनाची मोटरसायकल धावत असते तोवर तिचे वजन स्वाराला जाणवत नाही. ते जाणवते ती आडवी झाल्यावर. मोर्शीहून सालबर्डीच्या बाजूला जाताना डांबरी सडक सोडून एखाद्या पांदणीत शिरावे, ओल्या काळ्या मातीवर पुढचे चाक सरकावे आणि नव्या कोऱ्या गाडीने स्वारासह कुशीवर लवंडावे, यास क्षणभरही लागत नाही. गाडी पुन्हा उभी करण्यास मात्र बराच वेळ लागतो, आणि बहुतेक वेळा दुसरा माणूस लागतो.

वऱ्हाडातील व्यापारी घरांत मोटरसायकल आजवर कामाची वस्तू होती. उधारी वसूल करावी, आठवडी बाजाराला जावे, संत्र्याच्या बागेवर चक्कर मारावी, एवढेच तिचे प्रयोजन. आता त्याच घरांतील तरुण पेढीला सुट्टी असली की केवळ वाट अवघड आहे म्हणून त्या वाटेला जाऊ लागले आहेत. यासाठी लागणाऱ्या गाड्यांची जात वेगळी. लांब पल्ल्याला चालेल आणि खडकाळ वाटेवरही उतरेल अशी दणकट गाडी जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने १९८० साली बाजारात आणली आणि या प्रकाराला वळण मिळाले. आपल्याकडे रॉयल एन्फील्डची हिमालयन २०१६ साली आली. २०२३च्या अखेरीस आलेल्या तिच्या नव्या आवृत्तीचे इंजिन ४५२ सीसीचे आणि वजन १९६ किलो. किंमत तीन लाखांच्या आसपास. वडीलधारी मंडळी किमतीवरून वाद घालतात, पण खरा प्रश्न वजनाचा आहे.

सडकेवर हे वजन उपकारक ठरते. गाडी वाऱ्याला डगमगत नाही. वाट कच्ची झाली की तेच वजन उलटते. वऱ्हाडची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या खाचांत बसते. मग टायर गुळगुळीत गोळा होऊन फिरू लागतो. थोडे पुढे गेले की ती माती चाक आणि मडगार्ड यांच्या मधल्या फटीत ठासते आणि चाक जागीच जाम होते. मग खाली उतरून काडीने माती उकरणे एवढाच पुरुषार्थ शिल्लक राहतो. मडगार्ड चाकापासून बरेच वर उचललेले असलेल्या गाड्या पाहून ज्येष्ठांना हसू येते, पण त्या उंचीचे कारण ही मातीच आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी मातीची जागा मुरूम आणि गोटे घेतात. तेथे वेगळे शिकावे लागते. बैठक सोडून दोन्ही पायांवर उभे राहायचे, गुडघे किंचित वाकवायचे, हँडल आवळून धरायचे नाही, नजर चाकापुढच्या दगडावर न ठेवता वाटेच्या पुढच्या वळणावर ठेवायची. उभा स्वार म्हणजे तोल गेलेला स्वार असे पाहणाऱ्याला वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. उभे राहिल्याने शरीराचा भार पाय टेकण्याच्या दांड्यांवर येतो आणि गाडीला खाली हलण्यास मोकळीक मिळते. चढावर मधेच गाडी बंद पडली तर पुढचा ब्रेक तिला धरून ठेवू शकत नाही, कारण भार सगळा मागे गेलेला असतो. गाडी गिअरमध्येच राहू द्यावी लागते, मग मागचे चाक तिला अडवून धरते. पडलेली गाडी उचलण्याचीही रीत आहे. आधी इंजिन बंद करायचे. नंतर पाठ बैठकीला टेकवून, कंबर सरळ ठेवून, पायांच्या बळावर मागे मागे सरकत ती उभी करायची. कंबरेत वाकून हिसका देणारा तरुण पुढचे आठ दिवस दुकानाच्या गादीवर सरळ बसू शकत नाही. कसलेला स्वार हे एकट्याने करतो. तथापि तिसऱ्यांदा पडल्यावर, दुपारच्या उन्हात, हेल्मेट आणि जाड जाकीट घालून, कसलेल्या स्वारालाही दुसरा खांदा लागतो. पाय गाडीखाली अडकला असेल तर रीत कामाची नाही. तेथे केवळ मित्र कामाचा.

म्हणूनच या छंदात सोबत ही हौसेची बाब नाही. आणि येथेच आपल्याकडील अनेक टोळ्या चुकतात. सगळ्यांत वेगवान तो पुढे निघतो, मधले त्याच्या धुळीत त्याचा पाठलाग करतात आणि नवखा मागे एकटा उरतो. पुढे गेलेल्यांना तो पडल्याचे कळते ते टेकडीवर चहाचा थर्मास उघडल्यावर. याहून वाईट म्हणजे, पडलेल्याजवळ पोचलेला मित्र आधी मोबाइल काढतो आणि चित्रीकरण आटोपल्यावर हात पुढे करतो. गंमत म्हणून हे खपते, पण सायलेन्सरखाली पाय भाजत असलेल्या माणसाला त्यात गंमत दिसत नसते.

ज्यांच्यासाठी सेकंदाला किंमत आहे त्यांचे वर्तन या बाबतीत पाहण्यासारखे आहे. डकार रॅली ही कच्च्या वाटांवरील जगातील सर्वांत कठोर शर्यत मानली जाते. बंगळुरूचे सी. एस. संतोष यांनी २०१५ साली ती पूर्ण केली, तेव्हा असे करणारे ते पहिले भारतीय ठरले. २०१६च्या शर्यतीत ऑस्ट्रियाचे मॅथियास वॉकनर पडले आणि त्यांच्या मांडीचे हाड मोडले. मागून येणारे पोर्तुगालचे पाउलो गोन्साल्विस विजयाच्या स्पर्धेत होते. ते थांबले आणि मदत पोचेपर्यंत वॉकनर यांच्यापाशी राहिले. शर्यतीच्या नियमांत यासाठी तरतूद आहे: जखमी प्रतिस्पर्ध्यासाठी थांबण्यात गेलेला वेळ स्वाराच्या खात्यात परत जमा होतो. गोन्साल्विस यांचाही झाला. वॉकनर बरे होऊन परतले आणि २०१८ साली त्यांनी हीच शर्यत जिंकली.

पुढे गोन्साल्विस भारताच्या हीरो संघाकडून धावू लागले. १२ जानेवारी २०२० रोजी सौदी अरेबियाच्या वाळवंटात ते पडले. त्यांच्यापाशी सर्वप्रथम पोचले ते आदल्या वर्षीचे विजेते ऑस्ट्रेलियाचे टोबी प्राइस. तेही थांबले, आणि गोन्साल्विस यांना हेलिकॉप्टरमध्ये ठेवेपर्यंत तेथून हलले नाहीत. गोन्साल्विस वाचले नाहीत. दुसऱ्या दिवशी मोटरसायकलींची शर्यत झाली नाही आणि हीरो संघाने माघार घेतली. प्राइस यांच्या खात्यातही तो वेळ परत जमा झाला. व्यापाऱ्याला ही नोंद चटकन समजावी. थांबण्यापूर्वी त्या दोघांपैकी कोणीही हा हिशेब मांडलेला नव्हता, हेही समजावे.

मोर्शीच्या वाटांवर हेलिकॉप्टर नाही, आणि डोंगराच्या कुशीत गेल्यावर मोबाइलची रेंजही भरवशाची नाही. तेथे जे काय आहे ते सोबती आहेत. जाणत्या टोळ्या निघण्यापूर्वीच दोन गोष्टी ठरवतात. सर्वांत अनुभवी स्वार पुढे न जाता शेवटी राहतो, आणि वेग सर्वांत नवख्याचा धरला जातो. दोर, पंक्चरचे सामान, पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी त्या शेवटच्या स्वाराकडे असते, कारण अडचण पुढच्याला येवो वा मधल्याला, तो तिच्यापाशी पोचणारच.

आणखी एक मंडळी या वाटांवर असतात, त्यांचा विचार कमी होतो. पांदण ही शेतकऱ्याची वाट. पावसाळ्यात ती तुडवून निघालेल्या चाकोऱ्यांत दुसऱ्या दिवशी त्याचा ट्रॅक्टर रुतणार असतो. ज्या चिखलात उतरण्यासाठी तीन लाख मोजले जातात तो चिखल त्याच्या वाट्याला चार महिने फुकट येतो, आणि त्याला त्याची हौस नसते. धुऱ्यावरून बागेत शिरलेली गाडी ठिबकच्या नळ्या फाडते. हाच शेतकरी दिवाळीआधी त्याच तरुणाच्या दुकानात उभा असतो. मेळघाटच्या बाजूला तर कायदाच आडवा येतो. देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांतील हे जंगल आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात परवानगीवाचून शिरता येत नाही. चिखलदऱ्याला जायचे तर घाटाच्या सडकेने जावे. आणि ज्या ऋतूत पायांखाली जीव फार म्हणून साधुसाध्वी एका गावी थांबतात, त्याच ऋतूत चिखल तुडवण्याची मौज सर्वाधिक असते. आपल्या घरांतील तरुणांनी ही विसंगती स्वतःच सोडवावी. तिला उन्हाळ्यापूर्वीच्या, माघ-फाल्गुनाच्या कोरड्या वाटा हे एक उत्तर आहे. तेव्हा वाट कठीण असते, पण तिच्यावर कोणाचे पीक नसते.

परतण्याच्या वेळेविषयी घराचे आणि वाटेचे मत सुदैवाने एकच आहे. घरी सूर्यास्तापूर्वी ताट वाढायचे असते. इकडे गोटे पसरलेला नाला अंधारात ओलांडायचा नसतो. दुपारी तीनला, डब्यातल्या दशम्या संपल्यावर, जो परत फिरू या म्हणतो त्याला भित्रा ठरवण्याची चाल काही टोळ्यांत आहे. ती पाळणाऱ्या टोळीबरोबर मुलाला पाठवताना वडिलांनी विचार करावा. गाडी कोणती घेतली हे विचारण्याऐवजी बरोबर कोण आहे हे विचारणे अधिक उपयोगाचे.

अशा टोळीची एक साधी खूण सांगता येते. जेथे वाटेला फाटा फुटतो तेथे पुढचा स्वार थांबतो. इंजिन बंद करतो, हेल्मेट काढतो, आणि मागच्याची गाडी नजरेस पडेपर्यंत उन्हात उभा राहतो. मागच्याने हात वर केला की मग तो गाडी सुरू करतो, आणि आता त्या फाट्यावर मागचा थांबतो, त्याच्या मागच्यासाठी.